लॅपटॉप झोपतो तेव्हा वेळ कोण मोजतं?

गेल्या पावसाळ्यात करवीर तालुक्यातल्या एका दूध संस्थेचे सचिव लॅपटॉप आणि पावत्यांची चळत घेऊन कोल्हापुरात राजारामपुरीतल्या माझ्या लॅपटॉप दुरुस्तीच्या दुकानात आले. लॅपटॉपचं घड्याळ मागे पडतंय ही तक्रार मला नवी नाही, महिन्यातून दोन-तीनदा तरी येते. पण त्यांचं म्हणणं निराळं होतं.

"लॅपटॉपचं घड्याळ बरोबर हाय सर, मोबाईलशी लावून बघितलंय. पावतीवर मात्र पाऊण तास मागं येतंय. असं कसं हुतंय?"

त्यांनी एक पावती पुढे केली. सभासद क्रमांक, लिटर, फॅट, एसएनएफ, दर, रक्कम, सगळं जागच्या जागी. वेळ छापली होती पहाटे ५.४२ आणि तिच्या शेजारी निळ्या पेनानं लिहिलं होतं ६.२७. पहाटे ५.४२ ला केंद्राचं कुलूपही उघडलेलं नव्हतं. सभासदानं पावती परत आणून दिली होती. म्हणाला, त्या वेळेला मी आलोच नव्हतो, मग माझ्या नावावर हे दूध कुणाचं?

त्याचं विचारणं रास्त होतं. दुधाचा हिशेब पावतीवरच्या भरवशावर चालतो. एक आकडा खोटा दिसला की शेजारच्या फॅटच्या आकड्याकडेही माणूस संशयानं बघायला लागतो. सचिवांनी कसलाही घोळ केलेला नव्हता. घोळ होता लॅपटॉपच्या वीज वाचवण्यात. तो कसा, हे कळायला आधी लॅपटॉप वेळ ठेवतो कशी ते बघावं लागेल.

## एका लॅपटॉपमध्ये दोन घड्याळं

पहिलं घड्याळ मदरबोर्डवर, म्हणजे आतल्या मुख्य सर्किटवर असतं. त्याला रिअल टाइम क्लॉक म्हणतात, मी त्याला या लेखात भिंतीवरचं घड्याळ म्हणेन. त्यात क्वार्ट्झ स्फटिकाचा एक बारीक तुकडा असतो. वीज दिली की तो सेकंदाला ३२,७६८ वेळा थरथरतो. हा आकडा विचित्र वाटतो, पण तो पंधरा वेळा निम्मा करत गेलात की बरोबर १ उरतो. निम्मं करणारं सर्किट अगदी साधं असतं, म्हणून हाच आकडा निवडला गेला. तुमच्या मनगटावरच्या क्वार्ट्झ घड्याळातही हाच आहे. लॅपटॉप बंद असला तरी हे घड्याळ एका छोट्या सेलवर चालू राहतं. १९८१ च्या पहिल्या आयबीएम पीसीत ही सोयच नव्हती. संगणक सुरू केला की तारीख आणि वेळ दर वेळी हातानं टाइप करावी लागे. १९८४ च्या पीसी एटीपासून हे घड्याळ संगणकात आलं.

दुसरं घड्याळ म्हणजे पडद्याच्या कोपऱ्यात दिसतं ते, सिस्टिम क्लॉक. त्याचा सुटा भाग काढून दाखव म्हणालात तर मला दाखवता येणार नाही, कारण ते मेमरीत वाढत जाणारा एक आकडा आहे. लॅपटॉप सुरू झाला की तो एकदा भिंतीवरच्या घड्याळाकडे बघतो, वेळ उचलतो आणि पुढचं स्वतः मोजत राहतो.

दर वेळी भिंतीकडेच का बघत नाही? कारण ते घड्याळ फक्त पूर्ण सेकंद सांगतं आणि त्याला विचारून उत्तर यायलाही वेळ लागतो. लॅपटॉपला सेकंदाचा हजारावा, लाखावा भाग लागतो. गाणं वाजवताना, व्हिडिओ दाखवताना, दोन कामांमध्ये वेळ वाटून देताना पूर्ण सेकंदाचं माप म्हणजे सोनं तोलायला उसाचा वजनकाटा.

## पाच मिनिटं पुढे असलेलं घड्याळ

आमच्या घरी स्वयंपाकघरातलं घड्याळ कायम पाच मिनिटं पुढे असायचं. घरातल्या कुणाचीही त्यामुळे एसटी चुकली नाही, कारण ते रोज पाचच मिनिटं पुढे असायचं आणि सगळे मनात पाच वजा करायचे. चूक ठरलेली असली की तिचा हिशेब करता येतो.

क्वार्ट्झची चूकही बऱ्यापैकी ठरलेली असते. साधारण स्फटिक दहा लाखांत २० च्या आसपास चुकतो. दिवसाचे ८६,४०० सेकंद धरले तर रोजचे पावणेदोन सेकंद, महिन्याला पाऊण-एक मिनिट. तापमानाचाही थोडा वाटा असतो. घड्याळातला हा स्फटिक २५ अंशांच्या आसपास सगळ्यात जलद चालतो. त्यापेक्षा गरम झाला तरी आणि गार झाला तरी तो हळूच होतो. मे महिन्यात बंद गाडीत लॅपटॉप ठेवला आणि आत ४५ अंश झाले, तर दिवसाला सव्वा सेकंद आणखी मागे पडेल. एवढं चालतं.

बिघाड होतो तो चूक ठरलेली राहत नाही तेव्हा. चार्जर लावला की एक चाल, काढला की दुसरी, झाकण मिटलं की तिसरी. मग वजा किती करायचं हे कुणालाच सांगता येत नाही, लॅपटॉपला तर नाहीच. वीज वाचवण्याच्या सोयी घड्याळाला नडतात त्या अशा.

## बॅटरीकडे बघितलं की वेळ हरवायची

जुन्या लॅपटॉपात सिस्टिम क्लॉक ठोके मोजून चालायचं. एक टायमर ठरावीक अंतरानं ठोका द्यायचा आणि प्रोसेसर हातातलं काम बाजूला ठेवून पाटीवर एक रेघ मारायचा. विंडोजच्या आधीच्या एमएस-डॉसच्या काळात हे ठोके सेकंदाला साधारण १८.२ पडत. विंडोजमध्ये ते नेहमी ६४ असत आणि लिनक्स म्हणजे विंडोजच्या जागी चालणारी दुसरी प्रणाली, तिच्या २००० नंतरच्या काही आवृत्त्यांमध्ये ते सेकंदाला १,००० झाले. रेघा मोजल्या की वेळ कळली.

आता असं समजा, दुकानात घंटा वाजली की पाटीवर रेघ मारायचं काम एका शिपायाला दिलंय. तो इमानदार आहे. पण मधूनच मालक त्याला आतल्या खोलीत बोलावतात आणि दार लावून घेतात. आत असताना घंटा एकदा वाजली तर बाहेर तसा दिवा लागलेला राहतो आणि आल्यावर तो एक रेघ मारतो. पण तेवढ्यात घंटा तीनदा वाजली, तरी दिवा एकच असतो. दोन रेघा गेल्या. त्या गेल्या हे शिपायाला कधीच कळणार नाही.

लॅपटॉपमध्ये ही आतली खोली खरोखर असते. तिला सिस्टिम मॅनेजमेंट मोड म्हणतात. १९९० मध्ये इंटेलनं लॅपटॉपसाठी काढलेल्या ३८६ एसएल प्रोसेसरबरोबर ती आली. वीज, पंखा, बॅटरी यांची देखभाल लॅपटॉप बनवणाऱ्या कंपनीचा बायोस प्रोग्राम तिथून करतो आणि तेवढा वेळ विंडोज किंवा लिनक्सला काहीच समजत नाही.

हे मी पुस्तकात वाचण्याआधी माझ्या टेबलावर पाहिलंय. वीसेक वर्षांपूर्वी एक जुना लॅपटॉप मी स्वतःसाठी घेतला होता, त्यावर लिनक्स होतं, घरी इंटरनेट नव्हतं. घड्याळ आठवड्याला जवळपास एक मिनिट मागे पडायचं. आधी सेल बदलला, काही फरक नाही. मग एका रविवारी मनगटी घड्याळ शेजारी ठेवून बसलो आणि अर्ध्या-अर्ध्या तासानं वहीत फरक लिहीत गेलो. मधेच, का कोण जाणे, बॅटरी किती टक्के उरली ते दाखवणारं कोपऱ्यातलं चिन्ह मी बंद केलं. त्यानंतरच्या दोन तासांत फरक वाढलाच नाही. चिन्ह परत सुरू केलं, घड्याळ परत मागे.

ते चिन्ह दर काही सेकंदांनी बॅटरीला विचारायचं, किती उरलीस? विचारलं की बायोस प्रोसेसरला आतल्या खोलीत न्यायचा. गणित करून बघा. दर ५ सेकंदांनी एकदा विचारलं आणि दर वेळी हजारावा भाग असलेले दोन ठोके बुडाले, तर तासाला ७२० वेळा विचारणा आणि १.४४ सेकंद गायब. चोवीस तास चालू ठेवलात तर ३४ सेकंदांच्या वर. रोज सहा तास वापरला तर आठवड्याला एक मिनिट, जे माझ्या वहीत होतं तेच.

त्यात आणखी एक गाठ होती. ते लिनक्स बंद होताना स्वतःची वेळ भिंतीवरच्या घड्याळात लिहून ठेवायचं. म्हणजे चुकलेला शिपाई रात्री घरी जाताना भिंतीवरचं बरोबर घड्याळही आपल्या पाटीप्रमाणे मागे लावून जायचा. सकाळी तेच बघून पुन्हा सुरुवात. म्हणून चूक रोज पुसली न जाता साठत गेली.

## लेथचे फेरे मोजून वेळ

उद्यमनगरातल्या कारखान्यांत ज्यांचं आयुष्य गेलं त्यांना पुढचा भाग माझ्यापेक्षा चांगला कळेल.

लेथ म्हणजे लोखंड फिरवत ठेवून कातायचं यंत्र. त्याचा चक, म्हणजे लोखंड धरून फिरणारा भाग, मिनिटाला बरोबर ६०० फेरे घेतो. फेरे मोजायला काउंटर लावलाय. मग घड्याळ कशाला हवं? ६०० फेरे झाले की मिनिट झालं. नेमकी हीच युक्ती १९९३ च्या इंटेल पेंटियममध्ये आली. प्रोसेसरचं प्रत्येक आवर्तन मोजणारा टाइम स्टॅम्प काउंटर त्यात बसवला गेला. तो वाचायला क्षणही लागत नाही आणि माप अतिशय बारीक मिळतं. प्रोग्राम लिहिणारे त्यावर खूश होते.

मग २००० साली लॅपटॉपच्या प्रोसेसरमध्ये स्पीडस्टेप आलं. चार्जर काढला की प्रोसेसर आपली गती उतरवतो, बॅटरी जास्त टिकते. म्हणजे मालकानं वीजबिल वाचवायला लेथ हळू केला आणि फेरे मोजणाऱ्याला ते सांगितलंच नाही. तो अजूनही ६०० फेऱ्यांना मिनिट म्हणतोय. सेकंदाला दोन अब्ज आवर्तनं करणारा प्रोसेसर ऐंशी कोटींवर उतरला, तर खरी दहा मिनिटं झाल्यावर या हिशेबानं चारच मिनिटं झालेली असतात.

पुढे एका प्रोसेसरमध्ये दोन कोर आले, म्हणजे शेजारी शेजारी दोन लेथ आणि प्रत्येकाचा काउंटर वेगळा. प्रोग्राम एकदा या काउंटरवर आकडा बघायचा, एकदा त्या. दोघांच्या गती वेगळ्या झाल्या की वेळ मागे गेल्यासारखी दिसायची. नेटवर्कवर निरोप जाऊन परत यायला लागलेला वेळ उणे दाखवणारे संगणक त्या काळात लोकांनी पाहिलेत.

यावर तोडगा म्हणून मदरबोर्डवरचे, प्रोसेसरच्या गतीशी संबंध नसलेले टायमर वापरात आले. १९९६ मध्ये वीज व्यवस्थापनाचे एसीपीआय नावाचे नियम ठरले, त्यात असा एक टायमर आहे. तो सेकंदाला ३५,७९,५४५ ठोके देतो, बॅटरीवर असा नाहीतर चार्जरवर. हा आकडा अमेरिकेतल्या रंगीत टीव्हीच्या मापावरून आला. टीव्हीसाठी असे स्फटिक घाऊक बनायचे, स्वस्त मिळायचे, म्हणून पहिल्या आयबीएम पीसीपासून संगणकाची मापं त्याच्याशी जोडली गेली. हा टायमर भरवशाचा आहे, पण वाचायला संथ.

## "हे जुन्या लॅपटॉपचं झालं. नव्यात काय?"

नव्यात हे दोन्ही रोग जवळपास गेले. इंटेलनं २००८ पासूनच्या प्रोसेसर पिढीत टाइम स्टॅम्प काउंटर गतीपासून तोडला. लेथ हळू होवो नाहीतर थांबो, काउंटर वेगळ्या ठरावीक चालीवर फिरत राहतो.

ठोक्यांची पद्धतही बदलली. प्रोसेसर रिकामा असताना सेकंदाला हजार वेळा त्याला उठवून रेघ मारायला लावणं म्हणजे रात्रभर पाळण्यातल्या पोराला हलवून "झोपलास का?" विचारण्यासारखं आहे. बॅटरी त्यातच जाते. २००७ मध्ये लिनक्सनं रिकाम्या वेळचे ठोके बंद करायला सुरुवात केली. आता प्रोसेसर जागा झाला की चालू असलेल्या काउंटरवरचा आकडा बघतो आणि मागचा आकडा वजा करतो. महावितरणचा माणूस रोज तुमच्या घरी बसून युनिट मोजत नाही, महिन्यानं येऊन मीटरचं रीडिंग घेतो, तसंच. मधे कितीही वेळ न बघितलं तरी वेळ बुडत नाही, मीटर फिरत राहिला पाहिजे एवढंच.

आणि तो मीटरच थांबला तर? झाकण मिटल्यावर पुष्कळ लॅपटॉपमध्ये तेच होतं. सचिवांचा लॅपटॉप फार जुना नव्हता. त्यांचं दुखणं इथलं होतं.

## झाकण मिटल्यावर

लॅपटॉप गाढ झोपला की प्रोसेसर बंद होतो. मेमरीला जगवण्यापुरती वीज सुरू असते आणि भिंतीवरचं घड्याळ सेलवर किंवा बॅटरीवर चालत राहतं. सिस्टिम क्लॉक तिथेच गोठतं. झाकण उघडलं की विंडोज किंवा लिनक्स भिंतीकडे बघतं, किती वेळ गेला ते काढतं आणि आपला आकडा तेवढा पुढे ढकलतं. भिंतीवरचं घड्याळ पूर्ण सेकंदच सांगत असल्यामुळे इथे सेकंदाचा काही भाग इकडचा तिकडे होऊ शकतो. पण पाऊण तास? तेवढं नाही.

सचिवांना मी विचारलं, सकाळी लॅपटॉप कुठून येतो? म्हणाले, रात्री घरी चार्जिंगला असतो. पहाटे उठून चालू करतो, संस्थेचा प्रोग्राम उघडून कालची बेरीज बघतो. मग झाकण मिटून पिशवीत टाकतो, गोठ्यातलं आवरतो आणि केंद्रावर जाऊन उघडतो. झाकण मिटलं ते उघडलं, यात किती वेळ जातो? पाऊण तास.

तो प्रोग्राम सुरू होताना लॅपटॉपला एकदाच वेळ विचारतो आणि मग स्वतःचा टायमर लावून दर सेकंदाला एक मिळवत जातो. पुन्हा कधीच विचारत नाही. लॅपटॉप झोपला की टायमरही झोपतो. जाग आल्यावर विंडोजनं आपलं घड्याळ सरळ करून घेतलं, पण प्रोग्राम झोपण्याआधीच्या वेळेपासून पुढे मोजायला लागला. म्हणून कोपऱ्यात ६.२७ आणि पावतीवर ५.४२.

मी त्यांच्यासमोर तोच खेळ करून दाखवला. प्रोग्राम उघडला, झाकण मिटलं, दोघांनी चहा घेतला, झाकण उघडून एक रिकामी पावती काढली. अकरा मिनिटं मागे. ते बराच वेळ त्या कागदाकडे बघत बसले. मग म्हणाले, "म्हंजे माणूस खोटं बोलत नव्हता."

उपाय म्हणून केंद्रावर आलं की प्रोग्राम एकदा बंद करून पुन्हा उघडायचा. खरी दुरुस्ती मात्र प्रोग्राम लिहिणाऱ्यानं करायला हवी, प्रत्येक पावतीला लॅपटॉपची वेळ नव्यानं विचारून. एका ओळीचं काम आहे. तसं पत्र संस्थेच्या लेटरहेडवर आम्ही त्याच दिवशी लिहिलं.

## "इंटरनेटवरून वेळ आपोआप लागते ना?"

लागते, आणि ती पद्धत फार सुंदर आहे. नेटवर्क टाइम प्रोटोकॉल, एनटीपी, हा अमेरिकेतल्या डेलावेअर विद्यापीठाचे डेव्हिड मिल्स यांनी घडवला. त्याचा पहिला मसुदा १९८५ चा. कल्पना अशी की दुकानातल्या पोराला सायकलवर टाकून भवानी मंडपातून वेळ विचारून आणायला पाठवलं. तो आला आणि म्हणाला, दहा वाजलेत. पण हे दहा तो तिथे असतानाचे. जाऊन यायला त्याला १२ मिनिटं लागली, तर येतानाची सहा धरून आता १०.०६. एनटीपी हेच करतं, फक्त सायकलच्या जागी सेकंदाचे काही हजारावे भाग असतात.

त्यापुढचं डोकं मला जास्त आवडतं. एनटीपीचा पूर्ण प्रोग्राम पुन्हा पुन्हा विचारून तुमच्या स्फटिकाची खोड शिकतो. हा रोज पावणेदोन सेकंद मागे पडतो म्हणतो आणि मधल्या वेळेत स्वतःच तेवढी भर घालत राहतो. स्वयंपाकघरातल्या घड्याळातून पाच वजा करणंच हे. म्हणून चाल एकसारखी असणं इतकं महत्त्वाचं. चार्जरवर शिकलेली खोड बॅटरीवर लागू पडली नाही, तर सुधारणा करायला जाऊन चूक वाढते.

शिवाय विचारायला लॅपटॉप जागा हवा आणि जोडलेला हवा. झोपेत तो विचारत नाही. पन्हाळ्याच्या पलीकडच्या वाड्यांवर रेंज नसली तर जागेपणीही विचारू शकत नाही. विंडोजमध्ये स्वतः एखादं काम ठराविक वेळेला लावून दिलंत, तर 'फक्त चार्जरवर असतानाच चालव' ही खूण आधीपासूनच लागलेली असते. रोज वेळ जुळवण्याचं काम असं लावून लॅपटॉप बॅटरीवर वापरत राहिलात, तर ते काम कधी होणारच नाही, आणि तसं तुम्हाला कुणी सांगणारही नाही.

भारतात प्रमाणवेळ ठेवण्याचं काम दिल्लीची राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळा करते, अणुघड्याळांवर. ही वेळ ८२.५ अंश पूर्व रेखावृत्ताची. कोल्हापूर त्याच्या बरंच पश्चिमेला, त्यामुळे आपला सूर्य घड्याळापेक्षा सुमारे ३३ मिनिटं मागे असतो. ही चूक नव्हे, देशानं मिळून केलेला करार आहे. सर्ट-इन ही संगणक सुरक्षा बघणारी केंद्र सरकारची संस्था, तिच्या २८ एप्रिल २०२२ च्या आदेशानं कंपन्या, डेटा सेंटर आणि सरकारी कार्यालयांना आपली घड्याळं या प्रयोगशाळेच्या, एनआयसीच्या (राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राच्या) किंवा त्यांच्याशी जुळलेल्या सर्व्हरशी जोडायला सांगितलं. एनआयसीच्या त्या सर्व्हरचं नावच 'समय' आहे. सगळे अधिकृत व्यवहार भारतीय प्रमाणवेळेशी बांधणाऱ्या नियमांचा मसुदा २०२५ च्या जानेवारीत केंद्र सरकारनं हरकतींसाठी मांडला, तेव्हापासून हा विषय बातम्यांतही येऊ लागला.

## "चार-दोन मिनिटांनी काय बिघडतं?"

कधीकधी काहीच नाही. पण काही ठिकाणी बरंच.

राज्य सरकारच्या ई-निविदा भरणाऱ्या ठेकेदारांनी हे लक्षात ठेवावं. मुदत मोजली जाते ती संकेतस्थळाच्या सर्व्हरच्या घड्याळावर, जे पानावर दिसतं. तुमच्या लॅपटॉपवर मुदतीला चार मिनिटं बाकी दिसत असतील आणि तो पाच मिनिटं मागे असेल, तर दार बंद झालेलं आहे. कागदपत्रं चढवायला लागणारा वेळ निराळाच.

बँकेच्या किंवा ईमेलच्या ॲपमध्ये दर ३० सेकंदांनी बदलणारे सहा आकडे असतात, ते वेळेपासूनच तयार होतात. हा कोड देणारा प्रोग्राम लॅपटॉपवर असेल आणि तो दोन मिनिटं मागे असेल, तर कोड अचूक टाइप करूनही चूकच ठरणार. तारीखच चुकली असेल तर ब्राउझर सुरक्षित संकेतस्थळं उघडायला नकार देतो आणि तुमचं घड्याळ मागे आहे असं स्पष्ट सांगतो.

आणि एक गोष्ट फक्त आपल्या गावची. अंबाबाईच्या किरणोत्सवात, ३१ जानेवारी ते २ फेब्रुवारी आणि ९ ते ११ नोव्हेंबर, मावळतीची किरणं महाद्वारातून आत येऊन मूर्तीच्या चरणांवर, मग छातीवर, मग मुखावर जातात. किरणं कितीला कुठवर आली याची मिनिटामिनिटाची नोंद होते, वर्षावर्षाच्या नोंदी ताडून बघितल्या जातात आणि वाटेतल्या अडथळ्यांची चर्चा त्यावरच होते. सूर्य आकाशात स्वतःच्या रुंदीएवढा सरकायला दोनच मिनिटं घेतो. अशी नोंद करायला बसलेल्या माणसाचा लॅपटॉप दोन मिनिटं मागे असेल, तर त्याची वही मागच्या वर्षीच्या वहीशी जुळणार नाही आणि दोष विनाकारण कुठल्यातरी इमारतीवर जाईल. अशा कामाला बसण्यापूर्वी लॅपटॉप पूर्ण जागा करून, नेटला जोडून वेळ जुळवून घ्यावी आणि काम संपेपर्यंत झाकण मिटू नये.

## फरक किती आहे त्यावरून रोग ओळखा

लॅपटॉप माझ्याकडे आला की पहिला प्रश्न मी हाच विचारतो, किती चुकतंय?

बरोबर साडेपाच तासांचा फरक असेल तर घड्याळ बिघडलेलं नाही. लॅपटॉपवर विंडोज आणि लिनक्स दोन्ही असतील तर हे हमखास होतं. विंडोज भिंतीवरच्या घड्याळात भारतीय वेळ ठेवतं आणि लिनक्स तिथे जागतिक वेळ आहे असं धरतं. दोघांपैकी एकाला दुसऱ्याची रीत शिकवली की संपलं. फरक अर्ध्या तासांच्या पटीत पण दुसराच काही असेल, तर टाइम झोन भलत्या देशाचा लागलाय.

लॅपटॉप बरेच दिवस बंद ठेवल्यावर तारीख कित्येक वर्षं मागे गेली असेल तर सेल संपला. सेल फार महाग नसतो. काही नव्या लॅपटॉपमध्ये वेगळा सेलच नसतो, घड्याळ मुख्य बॅटरीवर जगतं. तिथे बॅटरी पूर्ण मरू देऊ नये.

फरक झोपेच्या वेळेएवढा असेल आणि एकाच प्रोग्राममध्ये दिसत असेल, तर सचिवांची गोष्ट. तो प्रोग्राम बंद करून उघडा.

रोज एक-दोन सेकंद असेल तर स्फटिक आहे, सोडून द्या, नेट लागलं की जुळेल. त्याहून जास्त, आणि चार्जरवर एक व बॅटरीवर दुसरं, असं असेल तर लॅपटॉप जुना आहे किंवा बायोस जुना आहे. कंपनीच्या संकेतस्थळावर बायोसची नवी आवृत्ती असेल तर जाणत्या माणसाकडून घालून घ्या. हे काम मधेच लाइट जाऊन अडकलं तर मदरबोर्ड हातचा जातो, म्हणून बॅटरी भरलेली आणि चार्जर लावलेला असतानाच करा.

नुसती वेळ जुळवायची असेल तर विंडोजच्या सेटिंग्जमध्ये टाइम अँड लँग्वेज, त्यात डेट अँड टाइम, तिथे सिंक नाऊ हे बटण आहे. हातानं आकडे बदलण्यापेक्षा हे बटण दाबा. हातानं लावलेल्या वेळेत बोटाची आणि डोळ्याची चूक मिसळते.

## "मग वीज वाचवणं बंदच करून टाकू का?"

हे मला दर वेळी विचारतात आणि मी नको म्हणतो. प्रोसेसर सतत पूर्ण गतीवर ठेवला तर बॅटरी निम्म्यात संपेल, लॅपटॉप तापेल, आणि तापलेला स्फटिक हळू चालतो हे वर आलंच आहे. ज्या वेळी नोंदीला महत्त्व आहे तेवढ्यापुरती झोप बंद ठेवावी. दूध संकलनाचे सकाळचे दोन-तीन तास, परीक्षेचा वेळ, निविदेचा शेवटचा दिवस. विंडोजमध्ये झाकण मिटल्यावर काहीच करू नको असं सांगता येतं. पण मग झाकण मिटलेला जागा लॅपटॉप पिशवीत कोंबू नका, आत भाजून निघतो.

सचिवांनी हेच केलं. चार्जरवर असताना झाकणानं झोपायचं नाही, बॅटरीवर झोपायचं, अशी सोय लावून दिली. घरून निघताना ते आता प्रोग्राम आधी बंद करतात, मग लॅपटॉप. त्या सभासदाच्या पावतीवरची निळ्या पेनाची वेळ ६.२७ बरोबर होती, असं रजिस्टरमध्ये लिहून त्याखाली संस्थेचा शिक्का मारला. पुढच्या आठवड्यात त्यांचा फोन आला, पावत्या बरोबर येताहेत. आणि प्रोग्रामवाल्यांचं उत्तर आलं का म्हणून विचारलं तर म्हणाले, "अजून न्हाई. पण पत्राची पोच आली, तारीख-वेळ टाकून."